बिस्किटच्या कानामागची जखम

सौदीतल्या अबकैकच्या आमच्या वसाहतीत शिरलं की डाव्या हाताला फाटकाची खोली लागते. तिच्या दारात, सावली सरकेल तशी खुर्ची सरकवत बसलेला माणूस म्हणजे खुर्शीदभाई. वर कंपनीचा निळा शर्ट, खाली लुंगी. वसाहतीचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, गाडीतून येताना दिसला की खोलीत जाऊन पँट चढवतात आणि तो गेला की पुन्हा लुंगी. मुदीरलाही हे माहीत आहे. तो बिचारा लांबूनच हॉर्न वाजवून वेळ देतो.

मूळ दाभोळच्या खाडीकाठचे. बाप मचव्यावर, आजा मचव्यावर. हे मात्र समुद्राकडे पाठ करून वाळवंटात आले. का, असं विचारलं तर म्हणतात, "भाभी, तिकडं पाणी होतं ते पिता येत नव्हतं. इकडं पाणीच नाय, पण बाटलीतून मिळतं. हिशोब तोच."

आमचं सासर श्रीवर्धनचं. त्यामुळे माझ्याशी आणि आमच्या ह्यांच्याशी, म्हणजे इसहाकशी, ते गावच्या बोलीत बोलतात. इतर मराठी माणसांशी जमेल तशी मराठी, बाकीच्यांशी हिंदी, आणि मुदीरशी त्यांची अशी एक अरबी, जिच्यात यल्ला आणि खलास या दोन शब्दांवर सगळं भागतं.

त्यांच्या स्वभावाची एक गोष्ट सांगते म्हणजे पुढचं कळेल. शेजारच्या ओळीतलं एक मल्याळी कुटुंब सुट्टीवर गेलं तेव्हा पुदिन्याची कुंडी यांच्याकडे ठेवून गेलं. परत आल्यावर खुर्शीदभाईंनी कुंडी दिली, आणि सोबत कागदाची एक पुडी. पुडीत सुकवलेला पुदिना. झाड फुलावर जाऊ नये म्हणून वरचेवर पानं खुडावी लागली होती, ती सगळी त्यांनी जपून सुकवली होती. "झाड तुमचं, मंग पानंही तुमचीच," म्हणाले. ती मल्याळी बाई हसत सुटली. मला हसू आलं नाही. अमानत म्हणजे विश्वासानं सोपवलेली ठेव, हे आम्ही मदरशात घोकलं होतं. डोळ्यांनी मी त्या दिवशी पाहिलं.

शोभना आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण. सांगलीकडची. तिचे अशोकभाऊ प्लांटमध्ये होते आणि ईशा ही एकुलती मुलगी, आमच्या लेकीच्या, लाइबाच्या शाळेत एक वर्ग पुढे. आमच्या ईदच्या सांदणांची वाट शोभना बघायची आणि तिच्या दिवाळीच्या चकलीची मी. बिस्किट हा ईशाचा कुत्रा. दम्मामच्या रस्त्यावरल्या पेट्रोल पंपामागे तिला तो पिलू असताना सापडला. उंच पायांचा, निमुळत्या तोंडाचा, ग्लुकोजच्या बिस्किटाच्या रंगाचा. अरब लोकांच्या शिकारी कुत्र्याचं थोडं रक्त असावं त्यात, बाकी सगळं रस्त्याचं.

मी त्याला कधी हात लावला नाही. आम्ही शाफई पंथाचे. ओला कुत्रा किंवा त्याची लाळ अंगाला लागली तर सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीनं. पण दारातून बोलायला काही हरकत नव्हती, आणि बिस्किटही दारातच बसून ऐकायचा. ईशा म्हणायची, "मावशी, ही लाइक्स यू. तुझ्याकडे बघून तो कधी भुंकत नाही."

या वर्षी रमजान ईदनंतर अशोकभाऊंचं कॅनडाचं पक्कं झालं. इथलं कायमचं आवरून निघायचं होतं. घाईचे दिवस. त्यातच बिस्किटच्या कानामागे गोचीड निघाला, तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठा, टच्च फुगलेला. अशोकभाऊंनी तो चिमटीत धरून पिरगाळून ओढला. पोट फुटून बोटांवर आलं आणि तोंड राहिलं आत कातडीत. मग ती जागा सुजली. बिस्किट खाजवून खाजवून रक्त काढायचा. केस गेले, खाली लाल, ओलसर चट्टा.

निघायच्या आदल्या दिवशी शोभना त्याला पट्ट्याला धरून फाटकाशी आली. मी तिथंच होते, खुर्शीदभाईंचा डबा घेऊन.

"खुर्शीदभाई, एक काम होतं. उघडी जखम असलेलं जनावर विमानात घेत नाहीत म्हणे. ती बरी होईपर्यंत ह्याला ठेवाल? डॉक्टरनं प्रवासाला योग्य असं लिहून दिलं की आम्ही लगेच बोलावून घेतो."

खुर्शीदभाई कुत्र्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या हातांकडे.

"तुमच्यात तो शब्द आहे ना," शोभना म्हणाली, "अमानत. तसंच समजा."

तिनं हा शब्द माझ्याकडून उचलला होता. मीच तिला कधीतरी पुदिन्याची गोष्ट सांगितली होती.

"मंग राहू द्या," खुर्शीदभाई म्हणाले. "जनावराची मालकीण कोण, तुम्ही का पोर?"

"ईशाचाच तो. ती त्याच्याशिवाय राहायची नाही हो."

दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना ईशानं कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसलं. अशोकभाऊ हॉर्न देत होते. ती उठली, डोळे पुसले आणि खुर्शीदभाईंना म्हणाली, "काका, प्रॉमिस?"

"प्रॉमिस नाय, बेटी. इन्शाअल्लाह."

झालं. त्या दिवसापासून फाटकाच्या खोलीचं रूपच पालटलं. एका खिळ्यावर कुत्र्याची लुंगी, म्हणजे कुत्र्याला हात लावताना नेसायची. नळाजवळ चाळलेल्या मातीची बादली. खुर्शीदभाईंनी दोन नमाजांच्या मधली वेळ ठरवून टाकली: दुपारची असर झाली की जखम, मग सात वेळा हात, मग अंघोळ, मग सूर्यास्ताची मगरिब. त्यांच्या बायकोला हे गावी फोनवर कळलं तेव्हा ती एवढ्या मोठ्यानं बोलली की मला कुंपणापाशी ऐकू आलं. "माझ्या गुडघ्याला कधी तेल चोळलंत? आणि कुत्र्याच्या कानाला मलम! पुढल्या खेपेला मीच गोचीड लावून घेते!"

"अगं, तू माझी स्वतःची हायस," खुर्शीदभाई म्हणाले. "तो दुसऱ्याचा हाय." यावर तिकडून फोन बंद झाला.

सुरुवातीला त्यांना रॉकेल हवं होतं. गावी बैलाच्या गोचिडाला लावतात तसं. मी म्हटलं, थांबा, आधी डॉक्टरला दाखवू. आमच्या ह्यांनी पिकअप काढली, मागे आंघोळघराचा जुना पडदा अंथरला आणि सगळे दम्मामला गेलो. जनावरांचा डॉक्टर मिसरी, म्हणजे इजिप्तचा होता, गोल, हसरा. त्यानं सांगितलं, रॉकेल नको, तेल नको, काडीचा चटका नको, माणसाचं मलम तर मुळीच नको. आत राहिलेलं तोंड उकरायचं नाही, कातडी स्वतः बाहेर टाकेल. भोवतीचे केस कापायचे. कोमट मिठाच्या पाण्यानं सकाळ-संध्याकाळ धुवायचं, जाळीच्या कापडानं टिपायचं, चोळायचं नाही. मग दिलेलं मलम, अगदी पातळ. खाजवू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कर्णा. आणि रोज सगळं अंग चाचपायचं, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखाली, कानाच्या आत. कारण एक गोचीड दिसतो तिथं दहा लपलेले असतात. कुत्रा सुस्त झाला, जेवेना झाला, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर मिनिट न घालवता इकडे आणा.

खुर्शीदभाईंनी एक एक गोष्ट परत म्हणून दाखवली, मदरशात सबक दिल्यासारखी. मिठाचं पाणी उकळून निववून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

तरीही जखम चिघळली. आठवडाभरात चट्टा वाढला, कडेला पिवळं दिसायला लागलं. खुर्शीदभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी फोटो काढून शोभनाला पाठवला, खाली बोलून निरोप: "मॅडम, जखम वाढलीय. माझ्याकडूनच काही चुकतंय. आज परत डॉक्टरकडं नेतो." मी म्हटलं, फोटो कशाला पाठवायचा, ईशा घाबरेल. ते म्हणाले, "बिघडलं ते पण कळवायला लागतं, भाभी. नुसतं चांगलं दाखवलं तर ती लबाडी."

चुकत काय होतं ते मला त्याच संध्याकाळी दिसलं. मी मिठाच्या पाण्याची बाटली द्यायला गेले तर खुर्शीदभाई नळावर मातीनं हात घासत होते, कुत्र्याला हात लावायच्या आधी.

"आधी कशाला?"

"अहो, औषध पाक हातानं लावायला नको?"

मुक्या जनावराच्या जखमेला लागणारा हात अल्लाच्या दारात चालेल इतका पाक, इतका शुद्ध असावा, म्हणून हा माणूस सातव्या पाण्यापर्यंत मोजत होता आणि नखांतली माती जखमेत जात होती. डॉक्टरला सांगितलं तर तो कपाळावर हात मारून हसला. मग गंभीर झाला. म्हणाला, आधी साबण आणि हातमोजे. माती नंतर, तुझ्यासाठी. कुत्र्याला तुझ्या मातीची गरज नाही.

परतीच्या वाटेत खुर्शीदभाई मागे वळून बिस्किटला म्हणाले, "माफ कर हां."

त्यानंतर जखम दिवसागणिक सुधारत गेली. आधी ओल गेली. मग कडेनं खपली धरली. मग ती आपोआप सुटली आणि खाली गुलाबी, कोवळी कातडी. एके दिवशी त्या कातडीवर केसांची लव आली, तेव्हा खुर्शीदभाईंनी मला घरातून बोलावून नेलं; मला वाटलं, काय झालं आता! हे लवेकडे बोट दाखवून उभे. रोजचा फोटो कॅनडाला जातच होता. तिकडून दोन जोडलेले हात यायचे, किंवा लाल बदाम. त्यावर यांचं समाधान. "मॅडमनी बघितला," म्हणायचे.

मग डॉक्टरनं प्रवासाला योग्य म्हणून लिहून दिलं. त्याचाही फोटो गेला. शोभनाचा निरोप आला: "खूप छान! इकडचं सेट झालं की बोलावतोच."

सेट काही होईना. आधी घर मिळायचं होतं. मग घरमालकाला कुत्रा चालत नव्हता. मग अशोकभाऊंच्या कामाची गडबड. माझ्याशी शोभना बोलायची तेव्हा तिकडच्या दुकानांचं बोलायची, बर्फाच्या बुटांचं बोलायची. मी बिस्किटचं काढलं की म्हणायची, "हो गं, बघतेय ना."

इकडे उन्हाळा चढला. मुदीरनं दोनदा विचारलं. वसाहतीत भाडेकरू नसलेल्या घराचं जनावर ठेवता येत नाही, हा नियम. खुर्शीदभाई प्रत्येक वेळी छातीवर हात ठेवून सांगायचे, मालक बोलावणार आहेत, मी जबाबदार. मुदीर म्हणायचा, "खुर्शीद, तू सांगतोस म्हणून." मधे हफूफकडच्या एका खजुराच्या बागेवरचा जुनैद आला होता, आमच्याच बाजूचा पोरगा. राखणीला कुत्रा शोधत होता. बिस्किटला बघून हरखला. "चाचा, द्या मला. बागेत सावली आहे, पाणी आहे, पळायला जागा आहे."

"माझा नाय रे."

"मालक कुठायत?"

"येईल बोलावणं."

जुनैदनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "चाचा, कॅनडावाले कुत्रा बोलावतात होय! तिकडं कमी आहेत का कुत्रे?"

"त्या पोरीचा हा एकच हाय," खुर्शीदभाई म्हणाले. जुनैदनं दुसरीकडून कुत्रा नेला.

बकरी ईद जवळ आली होती. असरची नमाज होऊन मी जानमाज घडी करत होते, तर ईशाचा फोन. गेल्यापासून पहिलाच. आवाज बसलेला.

"मावशी, मला आधी करायला हवा होता फोन. पण मला जमतच नव्हतं. आय वॉज नॉट ओके."

"काय झालं, बाळा?"

"मावशी, काकांनी त्याला कुठे पुरलं?"

मला काही उमगेना. मी विचारलं, कुणाला?

"बिस्किटला. आईनं सांगितलं मला, इन्फेक्शन झालं म्हणून. फोटो पण दाखवला. इट वॉज सो रेड, मावशी. काकांनी मातीचे हात लावले, त्यानं पसरलं असं म्हणाली. पण त्यांना सांग, मी चिडलेली नाही त्यांच्यावर. त्यांना माहीत नव्हतं ना. फक्त कुठे पुरलं तेवढं सांग."

खिडकीतून मला फाटक दिसतं. बिस्किट खुर्चीखाली, चारी पाय ताणून, सावलीत पडला होता.

एका क्षणात मला सगळं दिसलं. मातीची गोष्ट शोभनाला मीच फोनवर सांगितली होती, हसत हसत. आणि तो फोटो. लबाडी होऊ नये म्हणून पाठवलेला एकच वाईट फोटो तिनं ठेवला होता, आणि लव आलेल्या कातडीचे सगळे तिच्या फोनमध्ये राहिले होते. ज्या माणसानं तिचं जनावर बरं केलं, त्याच्याच हातून ते मेलं, असं तिनं पोटच्या पोरीला सांगितलं होतं. आणि हे सांगून झाल्यावरही त्याच्या फोटोंना लाल बदाम पाठवत राहिली होती.

घटकाभर मनात आलं, आईच्या शब्दाखाली मुलीला राहू द्यावं. कुणाच्या घरात आपण का आग लावावी? पण मग एक खोटं माझ्या नावावर चढलं असतं, आणि एक मेलेला कुत्रा खुर्शीदभाईंच्या.

"ईशा," मी म्हटलं, "व्हिडिओ लाव. आणि बसून घे."

मी फोन घेऊन फाटकाशी गेले. फोन बिस्किटसमोर धरला. "हे बघ कोण आहे."

तिनं हाक मारली. बिस्किट ताडकन उठला, फोनभोवती फिरला, खुर्चीच्या मागे जाऊन बघून आला, पुन्हा फोनकडे. ईशा रडत होती का हसत होती कळत नव्हतं. "ही इज अलाइव्ह? मावशी, ही इज अलाइव्ह?"

खुर्शीदभाई उभे राहिले. "जिवंत म्हणजे? काय झालं?"

मी सांगितलं. मला शब्द गाळता आले असते, पण तिकडून ती पोरगीच म्हणाली, "काका, सॉरी, आईनं मला सांगितलं की तुमच्या हातून..."

खुर्शीदभाईंनी आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले. मातीनं घासून घासून बोटांची कातडी फुटली होती. या माणसाला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नाही, आताही चढला नाही.

"माझ्या हातून मेला म्हणाल्या?"

त्यांनी हात शर्टाला पुसले.

"रोज फोटो बघत होत्या ना. बदाम पाठवत होत्या." ते माझ्याकडे बघत होते, जणू शोभनाच्या वतीनं मी काही सांगेन. "नको असला तर नको म्हणायचं. जुनैदला दिला असता. मला काय राग होता? एवढं एक वाक्य म्हणायचं."

मग ते फोनसमोर उकिडवे बसले. बिस्किटचा कान हलकेच वर केला आणि मागचे केस दोन बोटांनी बाजूला केले. "बघ बेटी. इथं होती. सापडते का? आता मलापण शोधायला लागते."

"नाही दिसत, काका."

"हां. तुझ्या हवाली करायचा होता असा. आता सांग, काय करू? मालकीण तू."

ईशा म्हणाली, अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश, की तिच्या हातात काही नाही. घर आई-बाबांचं, तिकीट आई-बाबांचं. ती काही त्याला आणू शकणार नाही. "काका, तुम्ही ठेवाल? नॉट अमानत. तुमचाच. मी देते."

"साफ सांग. दिला?"

"दिला."

"मला कबूल," खुर्शीदभाई म्हणाले. "राखणीच्या कामाला ठेवायची मुभा हाय आमच्यात. मुदीरला सांगतो, मालक मीच."

मी शोभनाला फोन लावायला निघालेच होते. मला तिला विचारायचं होतं, फक्त एवढंच, की कुंपणावरून घेतलेली माझी ताटं, माझे शब्द, सगळे तू असेच वापरलेस का? पण ईशा म्हणाली, "मावशी, प्लीज आईला सांगू नकोस मला कळलंय ते."

"का गं?"

"मला बघायचंय, ती स्वतःहून सांगते का."

खुर्शीदभाईंनी मान हलवली. "मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाय, बेटी. आधीच सांगून ठेवतो."

"विचारलं तर खरं सांगा, काका. त्यांना विचारू दे."

त्या दिवसापासून त्यांनी फोटो पाठवायचे बंद केले. कुत्रा आता त्यांचा, दुसऱ्याला का दाखवायचा? कालच शोभनाचा मला निरोप आला, सांदणाला तांदूळ किती भिजवायचे विचारत होती. मी लिहिलं, रात्रभर, आणि फोन उलटा ठेवून दिला. खुर्शीदभाईंना अधूनमधून विचारते, मॅडमचं काही आलं का, फोटो का नाही म्हणून? ते फोन काढून बघतात आणि परत खिशात टाकतात.

ईद होऊन गेली, हज होऊन लोक परत आले. अजून कुणी विचारलेलं नाही.